पावसाच्या मुलखात पाणपोई

आमच्या कातळवाडीला पाऊस किती पडतो, हे ज्याला विचारायचं असेल त्याने कुवेतला येऊन विचारावं. गावात विचारू नये. गावात बायका असतात आणि त्या भलतंसलतं सांगतात.

कुवेतच्या मिरगाब भागात आमच्या गावाचं कूड होतं. कूड म्हणजे गावच्या बाप्यांनी मिळून भाड्याने घेतलेली एक लांबट खोली. त्यात ओळीने खाटा, एक स्टोव्ह, पाण्याचा पिंप आणि भिंतीवर गावच्या मशिदीचा फोटो. तिथे कुणाहीसमोर पावसाचं नाव काढा. बाहेर वाळूचं वादळ सुटलेलं असो, दाराच्या फटींत ओली फडकी कोंबलेली असोत, तो माणूस खाटेवर उठून बसायचा आणि म्हणायचा, "पाऊस? आमचेकडं पानी पडत नाय मियां, वरून कोनतरी ओततंय."

हे खोटं नव्हतं. आम्ही सगळे चाकरमानी. कुणी बंदरावर, कुणी तेलकंपनीच्या मेसमध्ये, कुणी माझ्यासारखा दुकानात तराजू धरून. रजा मिळायची ती दोन-दोन वर्षांनी, आणि मिळायची नेमकी जुलै-ऑगस्टात. त्या दिवसांत कुवेतची भट्टी होते, सेठलोक लेबनानच्या डोंगरांत नाहीतर मुंबईला निघून जातात, बाजार झोपतो, आणि मग आमच्यावर मेहेरबानी होते. आगबोटीने मुंबई गाठायची. पुढच्या कोकणबोटी पावसात बंद, म्हणून एस.टी.ने घाट उतरायचे, शेवटची वाट चिखलातून तुडवायची, आणि घराच्या आधी दिसायची ती दारची बाव. बाव म्हणजे आमच्याकडे विहीर. काठोकाठ भरलेली. नुसतं वाकावं आणि तांब्या बुडवावा. महिना-दीड महिना भाकरी आणि सुकी मासळी खाऊन, कौलांवरचा पाऊस ऐकून आम्ही परत यायचो, ते तेवढंच गाव डोळ्यांत घेऊन.

आता कुणी म्हणेल, तुम्ही तिथेच वाढलात ना, उन्हाळा पाहिला नाही का कधी? पाहिला की. उन्हाळ्यात आम्ही आंब्याखाली असायचो. पाणी बायका आणायच्या. त्या ते कुठून आणतात, हे विचारण्याचं आमच्यात कुणाला सुचलं नव्हतं.

त्यामुळे कुडातल्या जमातीने, म्हणजे आम्हा गावकऱ्यांनी मिळून, गावासाठी जी जी कामं केली, ती सगळी पावसाळी होती. पहिल्यांदा ओढ्यावर साकव बांधला, कारण रजेवर आलेल्या माणसाचे बूट भिजायचे. मग मशिदीच्या वाटेवर फरशी टाकली. मग मशिदीला पडवी काढली, कारण आत नमाज चालू असताना बाहेर चपला तरंगत जायच्या. आमचे म्होरके झहूरचाचा जन्मभर बोटींवर खलाशी होते. पाणी नको तिथे शिरणं एवढा एकच धोका त्यांना ठाऊक होता.

त्या कुडात शिकलेला म्हणावा असा एकच माणूस होता, कमाल. रत्नागिरीच्या शाळेत मॅट्रिक झालेला, टाइपरायटर वाजवणारा, इस्त्रीची घडी न मोडता खाटेवर बसणारा. मी ज्या चहाच्या पेढीवर चहा जोखत होतो, तिथेच तो सेठचा मुन्शी होता. पेढी अबू यूसुफ या कुवेती सेठची. सेठ लहानपणी मुंबईला राहिलेले, त्यामुळे आमच्याशी झकास हिंदुस्थानी बोलायचे. त्यांचा चहा यायचा आपल्या दक्षिणेतल्या डोंगरांतून, सिल्व्हरब्रुक नावाच्या मळ्यातून. लाकडी पेट्या, आत चंदेरी पत्रा, आणि प्रत्येक पेटीवर एका झऱ्याचं चित्र.

मळ्याची कंपनी दर वर्षी कॅलेंडर पाठवायची. अठ्ठावन्न सालच्या कॅलेंडरवर एक चहा खुडणारी बाई होती. पाठीला टोपली, तोंडभर हसू, मागे हिरवागार उतार, आणि उताराच्या टोकाला पत्र्याच्या चाळीशेजारी कसलीतरी ओळीने मांडलेली भांडी. सेठना ते चित्र इतकं आवडलं की त्यांनी ते सोनेरी चौकटीत बसवून घेतलं. कमालच्या टेबलावर कोपर टेकून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कमाल, ही बाई पाणी कुठलं पिते?"

कमालला वाटलं सेठ थट्टा करतात. सेठ थट्टा करत नव्हते. त्यांचा बाप पाण्याच्या गलबतावर नाखवा होता. कुवेतमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना निघाला तो कालपरवा. त्याआधी सगळं शहर शत्तल-अरबच्या नदीतून गलबतांनी आणलेलं पाणी प्यायचं, आणि वारा पडला की गलबत वाटेत अडकायचं आणि शहराची जीभ टाळ्याला चिकटायची. असल्याच एका वाऱ्याविना उन्हाळ्यात सेठची आई तापाने गेली. शेवटी पाणी मागत होती, आणि नवरा पाणीच घेऊन समुद्रात उभा होता. तेव्हापासून सेठना कुठलाही नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न मनात यायचा तो हाच.

"मला आईच्या नावाने सबील घालायची आहे," सेठ म्हणाले. सबील म्हणजे आपली पाणपोई. "इथे आता नळ आले. मग तिथेच घालू, जिथून माझा चहा येतो. त्या बायकांच्या हातावर मी मोठा झालो."

कमालला आधी हसू आलं, मग घाम फुटला. कारण थंडीत कंपनीचा गोरा साहेब कुवेतला येऊन गेला तेव्हा सेठनी त्याच्यापुढेही हेच काढलं. साहेब आधी मोठ्याने हसला, मग एकदम हसायचा थांबला. पाणपोई घ्यायची म्हणजे पाणी नाही असं कबूल करायचं. तो म्हणाला, "सेठ, आमच्याकडे दीडशे इंच पाऊस पडतो. मळ्याचं नावच झऱ्यावरून ठेवलंय." आणि त्याने कमालकडे पाहिलं, दोन सुशिक्षित माणसं पाहतात तसं.

तेव्हा कमालने ते वाक्य टाकलं, जे पुढे त्याने कुडात येऊन आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की स्टोव्हवरचा चहासुद्धा ते ऐकून उकळायचा. "सेठ, पावसाच्या मुलखात पाणपोई? लोक हसतील आपल्याला!"

सेठ हसले नाहीत. म्हणाले, "मग तू बघून ये. तुझी रजा येतेच आहे. तू जे सांगशील ते मी मानीन. तू माझे डोळे." आणि डोळ्यांची बिदागी म्हणून कुवेतच्या हवल्ली भागात दोन खोल्यांचं घर देऊ केलं, वर गच्चीवर टाकी आणि आत नळ असलेलं. येताना बायकोला घेऊन ये म्हणाले.

साहेबाने बोटीवर चढता चढता कमालचा हात हलवला. "जुलैतच या. तेव्हा आमचा डोंगर बघण्यासारखा असतो."

बघण्यासारखा होताच. कमालला जीपमधून फिरवलं, रबरी कोट दिला, वर छत्री धरायला माणूस दिला. समोर तीन धबधबे, खाली फेसाळलेला झरा. चाळीतल्या बायका पावसात उभ्या राहून हसत होत्या. साहेबासमोर दुसरं काय करणार. बंगल्याच्या व्हरांड्यात चहा झाला, गुलाबांची बाग दाखवून झाली, आणि कमाल सर्दी घेऊन उतरला. सेठना त्याने सांगितलं, "तिथे पाणी द्यायचं नाही, काढायचं काम आहे." सेठनी मान डोलावली आणि घराची किल्ली दिली.

कमालची बायको नूरबानू ही माझी मावसबहीण, म्हणून पुढचं मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं. कमालने तिला कातळवाडीहून आणलं, पण मुलीला, रबियाला, ठेवून यावं लागलं. कमालच्या अम्मीचे गुडघे गेलेले, तिला कुणीतरी हवं होतं आणि ती गाव सोडायला तयार नव्हती. रबिया तेरा वर्षांची. "दोनच बायकांचं घर, काम ते काय," कमाल म्हणाला.

हवल्लीच्या घरात नूरबानूने पहिल्यांदा नळ सोडला तेव्हा मी तिथे होतो. तिने खाली हात धरला, बंद केला, पुन्हा सोडला. मग घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलं. पातेली, डबे, चहाची किटली, कमालचा दाढीचा मगसुद्धा.

"अगं, हा नळ हाय. आटत नाय," कमाल म्हणाला.

"जुलैत बाव पन आटत नाय," ती म्हणाली.

कमालने ते मला थट्टा म्हणून सांगितलं. आम्ही हसलो. थंडी संपेपर्यंत तिचंही बरं चाललं होतं. नळाखाली भांडी घासताना ती गुणगुणायची. पण चैत्र लागला तशी ती गप्प झाली. अंघोळीला अर्धीच बादली घ्यायची. पहाटे उठून बसायची. कमालने विचारलं तर म्हणाली, "या वेळेला रबिया उठली असंल. हंड्याची पाळी चुकली की मग उनात बसावं लागतं." कमाल कूस वळवून झोपला, कारण त्याला दुकान होतं.

त्या वर्षी ईद चैत्रातच आली. सेठच्या घरून नूरबानूला बोलावणं आलं. सेठची बायको मुनिरा हीदेखील लहानपणी मुंबईला महंमद अली रोडवर राहिलेली, तिला बोलायला माणूस हवा होता. सोनेरी चौकटीतलं ते चित्र आता जनान्याच्या बैठकीत लागलं होतं. खजूर झाले, चहा झाला, आणि नूरबानू चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

"हितं पन?" ती म्हणाली.

"काय हितं पण?" मुनिराने विचारलं.

नूरबानूने त्या हसणाऱ्या बाईकडे बघितलंच नव्हतं. तिने मागच्या चाळीशेजारी बोट ठेवलं. ओळीने मांडलेली भांडी. प्रत्येक भांड्याच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगाची चिंधी. वर्षभर आम्ही सगळे ते चित्र बघत होतो. साहेबाने सेठना सांगितलं होतं की ही तिथल्या बायकांची सजावटीची हौस. आम्हाला पटलं होतं. चित्रात रंग छान आले होते.

"ही पाळी हाय," नूरबानू म्हणाली. "झरा आटला की हंडे रांगेत ठेवतात. बाई कामाला गेली तरी हंडा तिच्या जागेवर उभा ऱ्हातो. कुनाचा हंडा ते कळावं म्हनून चिंधी. आत दगड टाकलेला असनार, वाऱ्यानं पडू नये म्हनून. माजी चिंधी हिरवी हाय. आता रबिया बांधते."

मुनिराने नवऱ्याला निरोप पाठवला. सेठ आले, कमालला दिवाणखान्यातून बोलावलं. पाहुण्यांची ये-जा चालूच होती, त्यामुळे पेढीचे चार व्यापारी, झहूरचाचा आणि मी असे सगळेच जनान्याच्या पडदा लावलेल्या दाराशी गोळा झालो.

सेठनी आवाज चढवला नाही. "कमाल, तुझ्या गावी पाऊस किती?"

"तुफान," कमाल सवयीने म्हणाला.

"आणि आत्ता, या महिन्यात, तुझी मुलगी पाणी कुठून आणते?"

कमालला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने दाराकडे पाहिलं, आणि पडद्याआडून त्याच्या बायकोने उत्तर दिलं. कातळाखालच्या दरीत एक झरी आहे. करवंटीने एकेक घोट उपसून हंडा भरायचा. जायला-यायला निम्मी सकाळ.

सेठ म्हणाले, "चूक माझी. मी डोळे पाठवले, ते पाहुण्याचे पाठवले. तू पुन्हा जा. या पहिल्या बोटीने. साहेबाला न कळवता." आणि मग, ज्या एका वाक्यासाठी नूरबानू पडद्याआड श्वास रोखून उभी होती, ते वाक्य त्यांनी आपणहून म्हटलं. "आणि मळ्याचं काम होईल तेव्हा तुझ्या गावचंही करू. एक सबील मळ्यावर, एक तुझ्या गावी. आईला दोन्हीचं पुण्य."

तिथे कमालने फक्त "शुक्रिया" म्हणायचं होतं. पण दाराशी चार परके व्यापारी उभे होते, झहूरचाचा उभे होते, आणि आत्ताच त्याची इज्जत बायकोने वेशीवर टांगली होती. तो ताठ झाला. "आपली मेहेरबानी, सेठ. पण आमच्या गावचं आम्ही बघू. गावची इतकी माणसं कुवेतला आहेत. कातळवाडीने अजून कुणापुढे हात पसरला नाही."

झहूरचाचांनी "शाबास" म्हटलं. सेठनी कमालच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या व्यापाऱ्यांना सांगितलं, "बघा. असं गाव पाहिजे." पुढे कितीतरी दिवस बाजारात कातळवाडीचं नाव निघत होतं. नूरबानूने खजुराची रिकामी ताटली खाली ठेवली, तेवढाच आवाज आला.

कमाल गेला. या खेपेला छत्री धरायला कुणी नव्हतं. मळ्यावर पोचला तर झऱ्याच्या जागी दगड, दगडांवर पांढरी साल. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत चहाने भरलेला. एका बाईने मोडक्या हिंदीत सांगितलं, वर रान होतं, ते तोडून माथ्यापर्यंत चहा लावला, तेव्हापासून पाऊस थांबला की झराही थांबतो. वरच्या टाकीत उरलेलं पाणी कारखान्याला आणि बंगल्याला. चाळीसमोर हंड्यांची रांग चित्रातल्यापेक्षा लांब होती, आणि बंगल्यावर माळी गुलाबांना पाणी घालत होता. कमालने ते सगळं बघितलं. हुशार होताच तो, फक्त महिना चुकला होता.

परतताना त्याने कोकणबोट धरली, कारण वैशाखात बोटी चालू असतात. हेही त्याला नव्याने कळलं. कातळवाडीत पोचला तर दारची बाव कोरडी, तळाशी एक बेडूक. अम्मी म्हणाली, पोर झरीवर गेली. तो बूट घालूनच दरीत उतरला. रांगेत बसलेल्या पोरींत त्याला आपली पोर ओळखता आली नाही. त्याने हिरवी चिंधी शोधली. चिंधीशेजारी रबिया करवंटी हातात धरून झरीत पाणी साचायची वाट बघत होती. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"अब्बा? दादी गेली काय?"

वैशाखात बाप येतो तो मयतीलाच, असा तिचा हिशोब. कमालने हे मला सांगितलं तेव्हा तो रडला. माझ्यासमोर, दुकानात, चहाच्या पेटीवर बसून. त्याची इस्त्री मोडली होती, आणि ती मला पहिल्यांदाच बरी दिसली.

मळ्याचं काम झपाट्याने झालं. सेठनी कंपनीला दोन अटी कळवल्या. चाळीपर्यंत नळ, आणि डोंगरमाथ्यावरचा चहा काढून तिथे पुन्हा रान. खर्च त्यांचा. साहेबाने उलट विचारलं की वाळवंटातल्या माणसाला झाडांची काळजी कशाला? सेठनी कमालकडून टाइप करून घेतलं, "आमच्याकडे झाड नाही, म्हणूनच." शेवटी पेट्यांची पुढची खेप दुसऱ्या मळ्याकडून मागवायचं नुसतं बोलणं निघालं आणि कंपनीची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली.

साठ सालचं कॅलेंडर आलं. तीच बाई, तेच हसू, पण आता ती नळाखाली हंडा धरून. वर माथ्यावर हातभर रोपं, आणि खाली ठसठशीत इंग्रजीत लिहिलेलं की सिल्व्हरब्रुक कंपनी आपल्या कामगारांची आणि डोंगराची पहिल्यापासून काळजी घेते. सेठच्या आईचं नाव कुठेही नव्हतं. कमाल संतापला. सेठ म्हणाले, "पाणी वाहतंय ना?" आणि चित्र चौकटीत घालायला दिलं. जुनं चित्र मुनिराने काढू दिलं नाही.

नव्या कॅलेंडरची एक प्रत आमच्या कुडात लागली, मशिदीच्या फोटोशेजारी. तिच्याच खाली त्या शुक्रवारी जमात बसली. गावासाठी पुढचं काम कोणतं, हा विषय. कमाल आता कुडात राहत नव्हता, तरी आला. त्याने सगळं सांगितलं. कोरडी बाव, दरी, करवंटी, हिरवी चिंधी. झरीवर टाकी बांधू, वर पाणी चढवायला इंजिन बसवू, वाडीत एक नळ काढू.

स्टोव्ह फुरफुरत होता. मग बदरुद्दीन, तेलकंपनीच्या मेसमधला, सगळ्या कुडाला हसवणारा, त्याने गुडघ्यावर थाप मारली. "पावसाच्या मुलखात पानपोई? लोक हसतील आपल्याला!"

हुबेहूब कमालचा आवाज काढला त्याने. मानेचा झटकासुद्धा. कूड फुटलं हसून. हे वाक्य आम्हाला कमालनेच शिकवलं होतं, आणि इतकं घोटून घेतलं होतं की आता त्याचं दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

"मी मे महिन्यात गेलो होतो," कमाल म्हणाला. "माज्या डोळ्यांनी बघितलं."

"मे महिन्यात कोन जातो गावाला?" कुणीतरी विचारलं. त्याला खरंच माहिती हवी होती.

कमाल झहूरचाचांकडे वळला. "चाचा, जमातीला जमत नसंल तर मी सेठला सांगतो. त्यांनी आपनहून म्हटलं होतं."

झहूरचाचांचा चेहरा बदलला. "खबरदार. भरल्या घरात तू सांगितलंस, आमचं आम्ही बघू. साऱ्या बाजारात कातळवाडीचं नाव झालं. आता तोंड घिऊन मागायला जातोस? जमातीची इज्जत हाय."

"मग आपन बघू तरी."

"बघतोय ना," चाचा म्हणाले. "पडवी एकाच अंगाला हाय. दुसऱ्या अंगानं पाऊस आत येतो."

हात वर झाले. पडवी छान झाली, हे मी नाकारणार नाही. पुढल्या रजेत माझ्या चपला कोरड्या राहिल्या.

कमालने घरी जाऊन नूरबानूला काय सांगितलं मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर घरातली भरलेली भांडी ती एकेक करून मोरीत ओतत होती. तिला असं पाणी ओतताना मी कधी पाहिलं नव्हतं. ओतून झाली, पुसली, उपडी घातली.

"मी जाते," ती म्हणाली. "वैशाखाच्या आत पोचायला पायजे."

कमालने पुष्कळ समजावलं. रबियाला इथे आणू म्हणाला. "आनली तरी दादीचा हंडा तिथंच," ती म्हणाली. "तो कुनीतरी भरायचा हाय. मी भरते. पोरीनं मागल्या उनाळ्यात भरला, पुरे झालं." सेठना सांगतो, इज्जत गेली खड्ड्यात, असंही कमाल एकदा म्हणाला. ती वाट बघत राहिली. तो दोनदा पेढीवर सेठच्या दारापर्यंत गेला, दोन्हीदा आत कुणीतरी बसलेलं होतं, आणि दोन्हीदा तो चहाच्या भावाबद्दल काहीतरी विचारून परत आला. मी तराजूमागून बघत होतो.

शुवैखच्या बंदरावर आम्ही तिला पोचवायला गेलो. सामान थोडंच होतं. मुनिराने दिलेली कापडं, रबियाला एक छत्री, आणि एक चांगला पितळी हंडा, इथल्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, घेतलेला. हवल्लीच्या घरात तो कधी नळाखाली गेला नव्हता. त्याच्या गळ्याला तिने आत्ताच हिरवी चिंधी बांधली होती.

कमालने हंडा तिच्या हातातून घेतला, बोटीच्या शिडीपर्यंत नेला, परत दिला. निदान जाताना काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो शब्द शोधत होता.

"मी येतोच," तो म्हणाला. "जुलैत रजा हाय माजी."

"या," नूरबानू म्हणाली. "तवा पानी दारातच असतं."